ढोलीतला निवेदक

मराठीने 'नॉव्हेल'ला कादंबरी हे नाव दिले, तेव्हा तिने एका पोपटाचे ऋण पत्करले. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'कादंबरी'त शूद्रक राजाला कथा सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपट. त्याच्या हकिकतीचा आरंभ लुटीने होतो. पंपा सरोवराकाठची जुनी शाल्मली, तिच्या ढोल्यांत नांदणारे पोपट आणि खोडावर चढून एकेक पिल्लू ओढून काढणारा म्हातारा शबर. बाप पिल्लाला पंखांखाली झाकतो आणि मारला जातो. पिल्लू वाळल्या पानांवर पडते म्हणून वाचते.

शिरूर अनंतपाळच्या मुलांना हा भाग शिकवताना शाल्मली म्हणजे काटेसावर, एवढे सांगावे लागते. ढोली समजावून द्यावी लागत नाही. "आमच्या बांधावरच्या चिंचंला हाय की, सर," असे कोणीतरी म्हणतेच. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र नावापुरते. जुनी झाडे उरली ती बांधांवर, रस्त्याकडेला, देवळापाशी. आणि ढोली पडायला झाडाला वय लागते. नव्या वृक्षारोपणाने ती मिळत नाही.

आपल्या ज्वारीवर थव्याने उतरणारा कीर पोपट अजून विपुल आहे. पहाडी पोपट हा त्याचा थोरला भाऊबंद : शेपटीसह जवळजवळ दोन फूट लांब, दणकट चोच, खांद्यावर तांबडा डाग. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'संकटसमीप' गणला गेला आहे. त्याची मुख्य कारणे म्हणजे जुन्या झाडांची तोड आणि पाळण्यासाठी होणारी पिल्लांची चोरी. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९०-९१पासून भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरीही चोरटी विक्री थांबलेली नाही.

माझ्या आत्याच्या ओसरीवर खांद्यावर तांबडा डाग असलेला असाच एक विठू होता. त्याला ती हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवी. पाहुणा दिसला की तो "या, बसा" म्हणे. तो गेला त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. त्या मायेत खोट काढण्याचा अधिकार मला नाही. परंतु लाल यादीत हिशेब होतो तो रानातल्या पाखरांचा. पिंजऱ्यात वर्षानुवर्षे लाडाने जगलेला विठू त्या हिशेबात शून्य असतो. ढोलीतून काढला त्याच दिवशी तो आपल्या जातीला अंतरलेला असतो.

अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला आपण 'पोपटपंची' म्हणतो. विठूच्या तोंडी आपण आपलेच शब्द घातले. बाणभट्टाने मात्र पोपटाला त्याचे स्वतःचे दुःख सांगू दिले. कथेतील कथा, निवेदकाची योजना हे सारे आपण वर्गात शिकवतोच. त्याबरोबर हा निवेदक कोठून आला, तेही विचारात घ्यावे. पहाडी पोपटाची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते. बांधावरच्या चिंचेला कुऱ्हाड लावण्याआधी "ढोलीत वस्ती आहे का?" एवढा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने घरी विचारला, तरी तो पाठ नीट शिकवला गेला असे मी समजेन.