नदीतला मोसासॉर

मित्रांनो, नकाशात युरोपातला हंगेरी देश काढा. बालातोन नावाचं लांबट सरोवर दिसलं? त्याच्या उत्तरेला बाकोन्यचे डोंगर आहेत. तिथल्या झाडीत एक भलामोठा खड्डा आहे. ही इहारकूतची बॉक्साइटची खाण. तुमच्या घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ज्या दगडापासून बनतं, तोच हा बॉक्साइट. तो काढण्यासाठी इथलं इहारकूत नावाचं अख्खं गाव उठवलं गेलं!

बॉक्साइटवर माती-वाळूचे जाड थर होते. सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वी एका नदीने आणून टाकलेले. खाणीसाठी ते कापले गेले आणि आतली हाडं उघड्यावर आली. सन २००० मध्ये अत्तिला ओशी हा विद्यार्थी मित्राबरोबर इथे आला, त्याला ती सापडली. मग दर उन्हाळ्यात खोदकाम सुरू झालं. डायनोसॉर, सुसरी, कासवं, बेडूक, काय काय मिळालं!

त्यातच काही हाडं निघाली मोसासॉरची. मोसासॉर म्हणजे आपल्या घोरपडीच्या दूरच्या नात्यातले प्राणी, पण राहणार समुद्रात. (गंमत बघा, त्यांना नाव मिळालं ते मात्र म्यूज नदीवरून!) मग हा नदीत कसा? वाट चुकून आला असेल? की मेल्यावर लाटांनी इथवर ढकलला?

शास्त्रज्ञांनी काय केलं सांगू? हाडांची मापं घेतली. काही हाडं अगदी पिल्लांची होती, काही मध्यम, तर काही चांगल्या ६ मीटर लांबीच्या प्राण्यांची. वाट चुकलेला पाहुणा एखादा असतो हो, लहानमोठं सगळं बिऱ्हाड काही वाट चुकत नाही! शिवाय आजूबाजूला समुद्री प्राण्यांचा मागमूस नव्हता. म्हणजे हे प्राणी नदीतच राहत होते, आपल्या गंगेतल्या डॉल्फिनसारखे.

लास्लो माकादी, मायकेल कॉल्डवेल आणि ओशी यांनी २०१२ मध्ये त्याचं नाव जाहीर केलं, पॅनोनियासॉरस इनएक्स्पेक्टेटस. पॅनोनिया हा इथला जुना रोमन प्रांत आणि दुसरा शब्द म्हणजे ‘अनपेक्षित’. बरं, एका प्राण्याचा सलग सांगाडा त्यांच्याजवळ नव्हताच. होती ती सगळी सुटी हाडं, वेगवेगळ्या प्राण्यांची. ती शेजारी शेजारी मांडून त्यांनी ओळखलं की डोकं सुसरीसारखं चपटं होतं. उथळ पाण्यात दबा धरून बसायला ते सोयीचंच!

आणि हो, खाणीत निघालेल्या एका छोट्या सुसरीचं नाव आहे इहारकुटोसुकस. उठवलेल्या त्या गावाचं नाव तिला दिलंय.