कानात बसलेलं शास्त्र

उजव्या कानाने साथ सोडली तेव्हा डॉक्टरांनी यंत्र दिलं आणि सांगितलं, सवय होईल. बोलण्याची सवय झालीही. शास्त्रपाठाची मात्र होईना. रविवारी वाचन सुरू झालं की यंत्रातून शब्द सगळे येतात, नाद येत नाही. स्तोत्रसंहिता फलाटावरच्या घोषणेसारखी ऐकू येते. बायबलच्या मराठी मसुद्यांच्या तपासणीत माझं आयुष्य गेलं, तेही कानाच्या जोरावर. मुळाशी ताडून पाहणारे माझ्याहून विद्वान लोक नेहमीच होते. वाक्य मोठ्याने वाचून मंडळीचा श्वास कुठे अडेल ते सांगायचं, एवढीच माझी पत.

आता मी डोळ्यांनी तपासतो. आणि ज्या ओळींवर कधी पेन्सिल टेकवली नव्हती, त्याच आधी खुपायला लागल्या: आमच्या घरच्या, जुन्या भाषांतरातल्या, लहानपणापासून पाठ असलेल्या.

मदतीला एक मुलगी येते. वसईकडची, कॅथलिक घरातली, दुसऱ्याच भाषांतरावर वाढलेली. तेविसावं स्तोत्र वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "काका, देवाची आकडी मला धीर कशी देईल? आकडी म्हणजे फिट ना?" मी चिडलो. धनगराच्या हातात असते ती आकडी, फांद्या ओढायची, वगैरे ऐकवलं. ती "बरं" म्हणाली. मला मात्र रात्री झोप येईना. किती मयतीत, किती दफनभूमीत उभं राहून मी हे स्तोत्र म्हटलं असेल! रडणारी माणसं एका सुरात आकडी म्हणतात आणि कुणाला फिट आठवत नाही. हसणं सोडा, कुणी अडखळतही नाही.

तेव्हापासून तो शब्द सोडत नाही. हिब्रूत तिथे दोन दांडकी आहेत, एक श्वापद हाकलायचं आणि एक टेकायचं. आकडी यातल्या कशातच नीट बसत नाही. सोटा घ्यावा तर देव मारायला उठलेला दिसतो. दंड म्हणावं तर कोर्ट आठवतं. छडी घेतली की शाळा. काठी म्हणावं तर ती शेजारीच उभी आहे, तिची जागा अडलेली. आणि समजा, नामी शब्द सापडलाच, तरी पुढच्या मयतीत निम्मी माणसं जुनं म्हणणार, निम्मी नवं. त्या एका शब्दाच्या गोंधळात ज्याच्या घरचं माणूस गेलंय तो उभा असणार. त्याचं काय करायचं? या प्रश्नापाशी माझं व्याकरण संपतं.

हे दुखणं जुनं आहे. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सांध्यावर जेरोमने हिब्रूवरून नवं लॅटिन भाषांतर केलं. उत्तर आफ्रिकेतल्या ओएया गावच्या, म्हणजे आजच्या त्रिपोलीच्या, बिशपने ते वाचायला घेतलं. योनाला सावली देणाऱ्या झाडाचं नाव बदललेलं ऐकून मंडळी खवळली. पिढ्यान् पिढ्या कानात आणि मनात बसलेलं नाव होतं ते. बिशपने गावच्या ज्यूंना विचारून पाहिलं, शेवटी वाचन दुरुस्त केलं, नाहीतर मंडळीच हातची गेली असती. ऑगस्टिनने हे सगळं जेरोमला पत्राने कळवलं. जेरोम विद्येने मोठा, पण ओएयाच्या लोकांना त्याच्या विद्येशी काय घेणं? त्यांच्या कानातलं लॅटिन जुन्या ग्रीक भाषांतरावरून आलेलं होतं, आणि त्या ग्रीकची तर दंतकथाच होती: बहात्तर वडील वेगवेगळे बसले आणि सगळ्यांचं अक्षर न् अक्षर सारखं उतरलं. पुढे जेरोमचंच भाषांतर कानात बसलं आणि १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने त्यालाच प्रमाण ठरवलं.

यहोवाच्या साक्षीदारांवर आम्ही सगळे तुटून पडतो. त्यांच्या न्यू वर्ल्ड ट्रान्सलेशनमधला नवा करार १९५० साली आला, सबंध बायबल १९६१ साली. नव्या करारात त्यांनी २३७ ठिकाणी यहोवा हे नाव घातलं. हाती असलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाव त्या जागी नाही. दारावर आलेल्या साक्षीदाराला हे सांगितलं की तो नम्रपणे ऐकून घेतो आणि पुढचं पान उघडतो. आंधळा विश्वास, असं आम्ही म्हणतो. पण तेच नाव हिब्रू जुन्या करारात सहा हजारांहून जास्त वेळा आहे आणि आम्ही तिथे परमेश्वर छापतो. ज्यू वाचकांनी नाव उच्चारणं सोडलं, ग्रीक भाषांतरांनी ती रीत उचलली, ती होत होत आमच्यापर्यंत आली. साक्षीदारांनी घातलं, आम्ही काढलं. आमच्या मंडळीत यावर कुणी प्रश्न विचारल्याचं मी ऐकलं नाही, कान धड होते तेव्हाही.

त्यांच्या भाषांतरकारांनी आपली नावं जाहीर केली नाहीत. यावर मी चारचौघांत खूप बोललो आहे: कुणाला ग्रीक येत होतं, कसं कळणार? मनातून हेवा वाटायचा. खाली नाव नसलेली ओळ थेट वरून आल्यासारखी वाटते. आमच्या समितीत तर प्रत्येक स्वल्पविरामाला वाली असतो.

नाव असूनही विश्वास मिळत नाही, याचं उदाहरण पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. आधीच्या भाषांतरातली संस्कृताने जड झालेली भाषा साध्या बायकांना कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९२२ साली त्या गेल्या. त्यांचं बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडलं. मराठी त्यांची स्वतःची, मिशनऱ्यांसारखी पंडिताकडून उसनी घेतलेली नव्हे. तरीही व्यासपीठं जुन्यालाच चिकटून राहिली. मुक्तीबाहेर कुणाच्या आजीने ते कंदिलाशी बसून वाचून दाखवलं नव्हतं, एवढाच त्याचा दोष.

हल्ली तर आजीही लागत नाही. फोनमधून एक गुळगुळीत आवाज मागे बासरी लावून अख्खं शास्त्र वाचतो. खोकला नाही, अडखळणं नाही, ओळ चुकून परत मागे येणं नाही. असल्या आवाजावर वाढलेली पोरं कुठल्या भाषांतरासाठी भांडतील, देव जाणे.

तसा मी कुणाला नावं ठेवावीत असा नाही. आयुष्यभर मला हवं तरी काय होतं? आपलं वाक्य कुणी तपासू नये, प्रश्न न विचारता पाठ करावं, हेच. नेवाशाकडच्या एका खेड्यात मसुदा वाचून दाखवायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. नव्या करारातल्या पत्रांमधलं एक वाक्य आधीच्या आवृत्तीत मी स्वतः लावलेलं होतं. समितीत त्यासाठी मी दोन जणांशी बोलणं टाकलं होतं. आता त्याच वाक्यात जरासा फेरफार सुचवला, तर मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली. "साहेब, पहिल्यापासून आहे ते असंच आहे. शास्त्रात हात घालू नका." पाळकसाहेब ओशाळले, मला म्हणाले, मनावर घेऊ नका. मी गंभीर चेहऱ्याने फेरफार खोडला. घरी येऊन जेवताना बायकोला सांगितलं आणि झोपताना पुन्हा सांगितलं.