रुसवा नव्हे, कंपवात



घरातले वडीलधारे माणूस हसेनासे झाले, हळूहळू चालू लागले, की आपण चटकन म्हणतो, ‘म्हातारा रुसला’ नाही तर ‘अंग चोरतो’. बोरिवलीला मुलाकडे राहणाऱ्या माझ्या मामांबद्दल शेजारी असेच बोलत. नातू दहावीला पहिल्या वर्गात आला, पेढे वाटले, पण मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सूनबाई रडवेली झाली. “मामंजी, माझे काही चुकले का?” मामा बारीक आवाजात “नाही गं पोरी” म्हणाले. डोळे मात्र भरून आले होते.

मेंदूच्या डॉक्टरांनी उलगडा केला. हा कंपवात. इंग्लंडच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. मामांचा हात कापत नव्हता म्हणून कोणाला शंका आली नाही; पण कंप प्रत्येकाला असतोच असे नाही.

मेंदूच्या खालच्या अंगाला, मध्यमेंदूत, काळसर पेशींचा लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन वरच्या गाठींना पुरवतात. चालताना हात हलणे, आनंद झाला की हसू फुटणे, ही न सांगता होणारी कामे या गाठींच्या मदतीने चालतात. पेशी मरू लागल्या की पाटाचे पाणी आटल्यासारखे होते. माणसाला आतून आनंद होतो, पण तो चेहऱ्यावर उमटत नाही. पुष्कळांना उदासीही येते. तीही या रोगाचाच भाग असते.

मामा स्टेशनचा जिना चढत, पण खोलीच्या दारात त्यांचे पाय खिळत. लोकांना ते सोंग वाटे. खरे असे की पायरी डोळ्यांसमोर असली म्हणजे मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो. मुलाने फरशीवर पावलापावलावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. तासातून चालावे तसे मामा त्यांवरून चालू लागले.

आता आपल्या बांधावरची गोष्ट. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली दाखवले. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. १९६१ पासून ते रोग्यांना देऊ लागले आणि आजही तेच मुख्य औषध आहे. रोग मुळापासून जात नाही, पण हालचाल सुधारते. मात्र बिया कुटून घरी देऊ नका. प्रत्येक बीत प्रमाण सारखे नसते. गोळ्यांवर वर बिया दिल्या तर ओकाऱ्या होतात, चक्कर येते, अंग वेडेवाकडे हलते.

तेव्हा मंडळी, घरातले कोणी असे मुके, संथ झाले तर आधी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या घड्याळाच्या वेळेवर द्या, अचानक बंद करू नका. आणि बोलायला त्यांना थोडा जास्त वेळ द्या.