कपबशी

सकाळचा दुसरा चहा हा आमच्या घरी माझ्या हक्काचा. परवा तो घेताना मनात आले, ही कपबशी चिनीमातीची, 'चहा' हा शब्दही मूळचा चिनी. आणि या एका पेयापायी केवढे रामायण घडले! इंग्रजांना चहा हवा, चिन्यांना मात्र त्यांचे फारसे काहीच नको. १७९३ साली मॅकार्टनी घड्याळे, दुर्बिणी घेऊन बादशहा चिएनलुंगकडे गेला. बादशहाने त्याला मेजवान्या दिल्या आणि व्यापाराची एकही सवलत न देता वाटेला लावले. चहाचे मोल चांदीतच मोजावे लागे. मग तोडगा निघाला तो अफूचा! १८३९ साली लिन त्से-शू या बाणेदार अधिकाऱ्याने अफूच्या २०,०००हून अधिक पेट्या नष्ट केल्या. युद्ध पेटले. १८४२ साली हाँगकाँग गेले, ते परत आले १९९७ साली.

इथवर मी परक्यांचे भांडण मजेने पाहत होतो. पण त्या अफूतली पुष्कळशी माळव्याची, आपल्या मुंबई बंदरातून गेलेली. सर जमशेटजी जीजीभाईंनी त्या व्यापारात अमाप पैसा मिळवला आणि मुक्तहस्ते वाटलाही. त्यांच्या देणगीतून १८४५ साली सुरू झालेल्या रुग्णालयातून माझी आई मरणाच्या दारातून परत आली. आता बोल लावायचा तरी कुणाला?

"अहो, चहा निवतोय!" आतून हाक आली.

निवला होताच. मी तसाच पिऊन टाकला.