बंबाचे सरपण

लाकूड कापणे वेगळे आणि लाकूड फोडणे वेगळे. शाळेत मी मुलांना मराठी शिकवतो. समानार्थी शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहिणे हा माझा रोजचा उद्योग. पण ही जोडी त्या फळ्यावर कधीच बसणार नाही, हे यंदा दिवाळीच्या आधी एका यंत्राने आणि एका म्हाताऱ्याने मिळून मला नीट पटवून दिले.

कापणे आडवे असते. उसाच्या गंडेऱ्या कराव्यात तसे ओंडक्याचे तुकडे पाडायचे. लाकडाच्या मनात काय आहे हे विचारायचे कारण नाही. फोडणे मात्र उभे. तिथे रेषा पाहावी लागते, गाठ चुकवावी लागते, लाकूड जिकडे दुभंगायला राजी असेल तिकडूनच घाव घालावा लागतो. म्हणूनच सरपणाला कुणी 'कापलेली लाकडे' म्हणत नाही. चुलीत जातात ती फोडलेली लाकडे.

गोवंडीला, हार्बरच्या गाडीची धडधड घरात ऐकू येईल इतक्या अंतरावर आमची बैठी चाळ आहे. घरोघर गॅस आहे, चारदोन घरांत गीझरही आले आहेत. तरीसुद्धा नरकचतुर्दशीच्या पहाटे चाळीच्या चौकात तांब्याचा मोठा बंब पेटतो. वर्षातून एकदाच. देवनारला 1927 पासून शहराचा कचरा पडतो आहे. आमच्या वाट्याला धूर पुरेसा आला आहे, आणि कोणत्या घरातले मूल खोकते आहे हे आम्ही भिंतीपलीकडून ओळखतो. तेव्हा रोज लाकडे जाळण्याची चैन आम्हांला परवडणारी नाही. पण ती एक पहाट सोडायला कुणीही तयार नाही. उटणे फासून, थंडी नसताना कुडकुडण्याचे सोंग करीत पोरे रांगेत उभी राहतात. त्यांना बंबातलेच धुरकट वासाचे पाणी हवे असते. गीझरच्या पाण्याला ती 'रविवारचे पाणी' म्हणतात.

या बंबाचे सरपण वर्षानुवर्षे काका फोडीत आले. सारी चाळ त्यांना काकाच म्हणते. तरुणपणी ते एका वखारीत कामाला होते. तिथून पावाच्या भट्ट्यांना जळण जाई. ती वखार केव्हाच मिटली. पुढे 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा वीज घ्यायला सांगितले, तेव्हा मी त्यांना बातमी वाचून दाखवली. मला वाटले, हळहळतील. ते म्हणाले, "बरं झालं. आम्ही रंग दिलेल्या दारं-खिडक्यासुद्धा भट्टीत घातलेल्या आहेत. तो धूर काय असतो ते माझी छाती जाणते."

दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. जीभ सुटली, पाय चालू लागला, पण उजवा हात कुऱ्हाडीचा राहिला नाही. कपबशी धरली तरी किणकिणते. पहिल्या वर्षी सरपण विकत आणले. दुसऱ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, आमच्याच आवारातला गुलमोहर उन्मळून पडला. पालिकेच्या माणसांनी वाट मोकळी करून ओंडके भिंतीला लावून ठेवले, ते वर्षभर पत्र्याखाली वाळत पडले. यंदा मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून एक यंत्र आणले: बॅटरीवर चालणारी, साखळीची करवत. दुकानात तिला चेनसॉ म्हणतात. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी तिचे 'कटर' झाले.

दिसायला हे प्रकरण फारसे उग्र नाही. फूटभर लांबीचे पाते, त्याच्या कडेने फिरणारी दातेरी साखळी, मागे मूठ आणि मुठीजवळ विटेएवढी बॅटरी. दोरी ओढायला नको, पेट्रोलमध्ये तेल मिसळायला नको. साखळीला तेल तेवढे पाजावे लागते. ते विसरले की ती तापते आणि पाते खाते. काकांची नात आयटीआयला जाते. यंत्र तिच्या हाती आले. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे, कानांवर झाकणे, ओढणी घरी. पात्याच्या टोकाने कधी कापू नये, टोक अडकले तर सारे यंत्र उसळून तोंडावर येते, हे तिने आम्हांला आधी सांगितले आणि मग पोरांना दहा पावले मागे हटवले.

त्या बॅटरीवर लिहिले होते: 36 व्होल्ट, 4 अँपिअर-तास. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण गुणाकार येतो. 144 वॉट-तास झाले. कसलेला माणूस दीर्घकाळ अंगमेहनत करतो ती सुमारे 75 वॉटच्या बेताने. म्हणजे एका घामाघूम गड्याची जवळजवळ दोन तासांची मेहनत त्या विटेत भरलेली, आणि ती भरायला वीज लागते सातवा हिस्सा युनिट! मी हा हिशेब काकांना सांगितला. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि त्या गड्याची भाकरी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी विषय बदलून त्यांना यंत्राच्या गोष्टी सांगू लागलो. 1926 मध्ये जर्मनीतल्या आंद्रेआस श्टील यांनी विजेवरची अशी करवत केली, तेव्हा ती उचलायला दोन माणसे लागत. पुढे अमेरिकेत, ओरेगॉनच्या जंगलात, जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 च्या सुमारास एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती अळी जबड्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडीत सरळ आत शिरत होती. त्याने साखळीचे दाते तसे आलटून पालटून डावे-उजवे केले. आजच्या बहुतेक साखळ्या त्या अळीच्याच वंशातल्या. आणि ही लिथियमची बॅटरी ज्यांच्या संशोधनातून आली त्या तिघांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काकांना नोबेलचे काही वाटले नाही. अळीची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली. "बघा," ते म्हणाले, "लाकडाकडे बघणारा होता तो."

वर्गात मी लाकूडतोड्याची आणि वनदेवतेची गोष्ट शिकवतो; सोन्याची कुऱ्हाड नाकारणाऱ्या त्या प्रामाणिक माणसाची. त्या आठवड्यात मी मुलांना विचारले, "देवतेने नदीतून बॅटरीचे कटर काढून दाखवले असते, तर?" मागच्या बाकावरून तत्काळ उत्तर आले, "सर, तो म्हणाला असता, हीच माझी!" सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण सोन्याचा मोह नाकारणे सोपे आणि सोयीचा मोह नाकारणे अवघड, हे त्या पोराने गोष्ट लिहिणाऱ्यापेक्षा बरे ओळखले होते.

ओंडके कापायला सुरुवात झाली आणि तिसऱ्या तुकड्याला खण्णकन आवाज होऊन ठिणगी उडाली. साखळीचे दोन दाते गेले. आत खिळा होता. शहरातल्या झाडांच्या पोटात काय काय असते! कुणी पाटी ठोकलेली, कुणी दिव्यांची माळ, कुणी शिकवणीची जाहिरात. झाड वाढते आणि खिळा गिळून टाकते. वरून साल गुळगुळीत. पुण्या-मुंबईत तरुण मुले झाडांचे खिळे उपटण्याच्या मोहिमा काढतात, ते काही उगाच नव्हे. आता पुढे कसे, म्हणून सारे उभे राहिले, तेव्हा काका घरात गेले आणि फुटक्या लाउडस्पीकरातले जाडजूड लोहचुंबक घेऊन आले. डाव्या हाताने त्यांनी ते प्रत्येक ओंडक्यावरून सावकाश फिरवले. जिथे चुंबक किंचित ओढले गेले तिथे नातीने खडूने फुली मारली. एका गुलमोहरात अकरा फुल्या. मादागास्करहून आलेले ते झाड आमच्या गल्लीतल्या अकरा जाहिराती पोटात घेऊन उभे होते.

तासाभरात गंडेऱ्यांची रास पडली. बॅटरी मध्ये एकदाच बदलावी लागली. पोरांना वाटले, काम झाले. काकांनी एक गंडेरी बंबाच्या नळीशी नेऊन दाखवली. ती आत जाईना. "कापून झालं. आता फोडा." कटर इथे निकामी. तेव्हा भिंतीमागची कुऱ्हाड बाहेर आली. नात घाव घालू लागली आणि काका शेजारी स्टुलावर बसून सांगू लागले. "मधे नको, कडेनं घे. ती चीर दिसते ना, तिच्यात. गाठ आहे, तो सोड, त्याला पाचर लावू." त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, आणि प्रत्येक घावाबरोबर तो नकळत किंचित वर उचलला जात होता. मी दुसरीकडे पाहू लागलो.

हे सगळे इथवर आनंदाचेच झाले असते. पण त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतले भेंडीचे झाड गेले.

या झाडाचे नाव कुठल्या यादीत नसेल. सकाळी पिवळी फुललेली त्याची फुले संध्याकाळपर्यंत लालसर होऊन गळत. पोरे त्याच्या पानाची सुरळी करून पिपाणी वाजवीत, फळांचे भोवरे फिरवीत. राज्यात 1975 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. शहरातले झाड तोडायला परवानगी लागते. ती कुणी काढली होती असे कुणालाच ठाऊक नाही. एका दुपारी कुणीतरी आले, तसलेच एक कटर चालवले आणि गेले. मी शंभर पावलांवर वर्गात होतो, खिडक्या उघड्या होत्या. आवाज आला असणारच. पण तो मिक्सरहून थोडा जास्त. दिवाळीच्या तोंडावर घरोघरी भाजणी आणि चटण्या चालू असताना त्या आवाजाला कोण मान वळवणार? मधल्या सुटीत दोन पोरे पिपाणीसाठी पाने आणायला गेली, ती रिकाम्या हातांनी परत आली आणि गप्प बसून राहिली.

मी संध्याकाळी काकांना सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "आवाज नाही आला?"

मग ते बोलत राहिले. कुऱ्हाडीचा पहिला घाव तीन गल्ल्यांत ऐकू जायचा. कुणीतरी दारातून ओरडून विचारायचे, 'कोणतं झाड?' नुसते एवढे विचारले तरी कैकदा कुऱ्हाड खाली यायची. त्यांच्या लहानपणी खाडीकाठची तिवरे सरपणासाठी तुटत. पण तुटताहेत हे निदान ऐकू यायचे. तिवरांना आता 2005 पासून न्यायालयाचे कवच आहे, ठाण्याच्या खाडीत 2015 पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. "पण कवच राखायचं तर कान लागतात," काका म्हणाले, "आणि हे यंत्र कानाला कळत नाही."

पोरांपैकी एकाने कटर परत करून टाकण्याची सूचना केली. काकांनी ती उडवून लावली. नातीच्या पाठीचे दुखणे वाचते, ओंडका तासात निघतो, ते काय वाईट आहे? त्यांनी बॅटरी यंत्रातून काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. खिसा ओघळून पार गुडघ्याकडे आला.

तेव्हापासून चाळीत तशी रीत पडली आहे. कटर मंडळाच्या खोलीत, खुंटीला. दोन्ही बॅटऱ्या काकांच्या घरी. कुणाला काही कापायचे असेल त्याने काकांच्या दारात उभे राहायचे. काका चष्मा लावतात, समोरच्याला नीट पाहतात आणि विचारतात, "कोणतं झाड?" परवा एक भाडेकरू नुसती पलंगाची जुनी फळी कापायला बॅटरी मागायला आला, त्यालाही विचारले. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "साग असावा, काका."

काकूंची तक्रार वेगळीच आहे. ओट्याजवळचा विजेचा एकुलता एक सॉकेट त्या चार्जरने अडवला आहे, आणि मिक्सर लावायला जागा उरलेली नाही. दिवाळीची चटणी यंदा त्यांनी पाट्यावर वाटली.