चांदीपचे खाचर

दिवाळीत विरारच्या पूर्वेला चांदीपला गेलो होतो. भात कापलेल्या खाचरात पोरांचा फुटबॉल रंगला होता. गोल मारायला सारेच पुढे; पास द्यायला मात्र कोणी नाही!

मला प्रदीपकुमार बॅनर्जी आठवले. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, त्याच संघातले हे आघाडीचे गडी. १९६० साली रोममध्ये ते कर्णधार. फ्रान्सविरुद्धचा गोल त्यांचाच. १९६७ साली निवृत्त झाले आणि पुढे प्रशिक्षक झाले. नव्वदीत जमशेदपूरच्या टाटा अकादमीत त्यांनी कोवळी मुले घडवली. स्वतः गोल मारणाऱ्याने दुसऱ्याच्या गोलासाठी झिजायचे, हे सोपे का आहे?

“अरे, त्या धाकट्याला दे की!” मी ओरडलो. थोरल्याने चेंडू दिला. धाकट्याचा नेम चुकला, पण दुसऱ्या खेपेस थोरल्याने आपणहून त्यालाच दिला!