विटा, टेकडी आणि चौथा नंबर

परवा शनिवारी बऱ्याच वर्षांनी एजवूड पार्कची टेकडी चढायला गेलो. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, सॅन कार्लोस गावाजवळ आहे ती. लहानपणी दंडोबाचा डोंगर चढलेल्या माणसाला तिचं काही वाटू नये खरं तर. पण अर्ध्या वाटेतच मी एका दगडावर बसकण मारली. ही पुढे गेली होती. वरून तिने हाक मारली, "काय हो जेरी राईस, दमलात?"

आता हा जेरी राईस कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायापेक्षा हाताचंच काम जास्त. त्यातला वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा गडी. त्याने पळत जायचं आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण क्रिकेटमध्ये चेंडू उडाला की फिल्डर त्याच्यामागे धावतो, इथे उलटं असतं. किती पावलं पळायचं, कुठे वळायचं, सगळं आधी ठरलेलं. त्याला रूट म्हणतात. बरेचदा हा वळायच्या आत चेंडू सुटलेलाही असतो. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा तो चेंडू दुसऱ्याच कुणाकडे जातो. तरी दर वेळी जीव खाऊन पळायचंच. कारण आपण आळस केला तर आपल्यावर नजर ठेवणारा गडी मोकळा होतो आणि दुसऱ्याला जाऊन धरतो.

हे सगळं मला कळायला बरीच वर्षं लागली. पहिली मॅच पाहिली तेव्हा ओ की ठो कळलं नव्हतं.

ती तारीख होती १७ डिसेंबर २०००. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, नवा नवा इथे आलेला. ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून कॅंडलस्टिकच्या मैदानावर गेलो. (आता ते मैदानही राहिलं नाही, २०१५ साली पाडलं.) सोबती म्हणाला, आज मोठा दिवस आहे, जेरी राईसची आपल्या मैदानावरची शेवटची मॅच. लोक त्याला निरोप द्यायला आले होते. तो ३८ वर्षांचा होता, फॉर्टीनाइनर्स संघात त्याची सोळा वर्षं झाली होती.

आणि त्या दिवशी झालं काय, तर त्याच संघातल्या सत्तावीस वर्षांच्या टेरेल ओवेन्सने एका मॅचमध्ये २० चेंडू झेलले, २८३ यार्ड काढले. १९५० सालचा १८ झेलांचा विक्रम मोडला. निरोप राईसचा, आणि विक्रम ओवेन्सचा! मी टाळ्या वाजवल्या त्या ओवेन्ससाठी. राईसकडे पाहून मनात म्हटलं, झालं की आता, किती खेळशील बाबा?

अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस असंच म्हणतो. असो.

नंतर हळूहळू राईसविषयी वाचत गेलो. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या लहानशा गावातला मुलगा. वडील गवंडी. उन्हाळ्यात पोरं वडिलांच्या हाताखाली कामाला. खालून भाऊ विटा फेकायचे आणि हा वर उभा राहून झेलायचा. हाताची पकड तिथे बसली. शाळेत एकदा तास बुडवताना उपमुख्याध्यापकांनी पाहिलं, तर हा असा पळाला की त्यांनी त्याला शिक्षा तर केलीच, शिवाय फुटबॉलच्या प्रशिक्षकाकडेही धाडलं. मोठ्या विद्यापीठात काही गेला नाही, मिसिसिपी व्हॅली स्टेट नावाच्या छोट्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात खेळला. १९८४ च्या हंगामात २७ टचडाऊन झेलले, तरी त्याच्या वेगाबद्दल लोकांना शंकाच. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी दोन रिसीव्हर घेतले गेले. हा सोळावा. तोही फॉर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी अदलाबदल करून पुढचा नंबर मिळवला म्हणून.

पहिल्या वर्षी विटा झेलणाऱ्या या हातांतून चेंडू निसटू लागले. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण त्याच डिसेंबरात रॅम्सविरुद्ध त्याने एका रात्रीत २४१ यार्ड काढले, आणि मग मागे वळून पाहिलं नाही. १९८७ मध्ये १२ सामन्यांत २२ टचडाऊन. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये २१५ यार्ड आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. एकूण तीन सुपर बोल. आणि सुट्टीच्या महिन्यांत ही एजवूडची टेकडी! सुमारे चार किलोमीटरची चढण, पळत. बरोबर आलेले नवखे खेळाडू अर्ध्यात वाकून उभे राहायचे म्हणतात. माझ्यासारखे.

"किती खेळशील बाबा" याचं उत्तरही त्याने दिलं. २००१ मध्ये खाडीपलीकडच्या ओकलंड रेडर्सकडे गेला आणि पहिल्याच वर्षी ११३९ यार्ड. पुढच्या वर्षी, वयाची चाळिशी गाठताना, १२११. संघ सुपर बोलला पोचला. हरला, पण तिथेही याने एक टचडाऊन झेलला. म्हणजे २००० साली माझं ऐकून तो घरी बसला असता तर केवढी चूक झाली असती!

पण गोष्ट इथे संपत नाही. सप्टेंबर २००४ मध्ये एका मॅचमध्ये त्याच्या हातात एकही चेंडू आला नाही. सलग २७४ सामन्यांत किमान एक झेल, ही साखळी तुटली. मग सिॲटल. मग २००५ मध्ये डेन्व्हरच्या सराव शिबिरात. तिथे दिसत होती चौथ्या क्रमांकाच्या रिसीव्हरची जागा. १५४९ झेल, २२,८९५ यार्ड नावावर असलेल्या माणसाला चौथा नंबर. ५ सप्टेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली.

दादा, वहिनी, आता तुमच्यासाठी. हे खरं तर फोनवर सांगायचं होतं, पण चार रविवार झाले, जीभ रेटत नाही.

मार्चमध्ये मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की जो गट मी अकरा वर्षं सांभाळला तो आता दुसऱ्याकडे जाणार. नोकरी आहे, पगार थोडा कमी, नाव 'सल्लागार'. चौथा नंबर म्हणा. आणि दुसरा म्हणजे कोण, तर जो मुलगा मीच मुलाखत घेऊन आणला, मीच शिकवला, तो. चांगला आहे पोरगा. त्यामुळे तर रागही धड येत नाही.

पहिला विचार डेन्व्हरचाच आला. उठावं आणि चालू लागावं. हिला म्हटलंही, राईसने हेच केलं. ही म्हणाली, "त्याने वीस वर्षं खेळल्यावर केलं. आणि त्याला घराचा हप्ता नव्हता." बायकोपुढे आकडेवारी चालत नाही.

मग त्या दगडावर बसल्या बसल्या मला दुसराच माणूस आठवला. फ्रेडी सॉलोमन. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही कितीतरी वर्षं ऐकलं नव्हतं. १९८५ मध्ये राईस संघात आला तेव्हा फ्रेडी ३२ वर्षांचा, दोन सुपर बोल जिंकलेला रिसीव्हर. हा पोरगा आपलीच जागा घ्यायला आलाय हे त्याला स्वच्छ कळत होतं. तरी त्याने राईसला हाताशी धरून शिकवलं. ते वर्ष संपलं आणि फ्रेडी निवृत्त झाला. पुढे टँपाला लहान मुलांमध्ये काम करत राहिला, २०१२ मध्ये गेला. विक्रमांच्या यादीत या शिकवण्याचा रकाना नाही.

२०१० साली राईसला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हाचं भाषण मी पुन्हा एकदा ऐकलं. अपयशाची भीती हेच आपलं इंजिन होतं, असं त्याने तिथे कबूल केलं. आणि या सगळ्या पळापळीत मजा घ्यायची राहून गेली, याची खंतही. हे ऐकून मात्र मी गप्प झालो. दादा, तुला आठवतं, बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी पेढे वाटायचे सोडून इंजिनिअरिंगच्या पुस्तकांची चौकशी करत हिंडत होतो? आई चिडली होती. तेव्हापासून बहुधा मी पळतोच आहे. मागे कोण लागलंय ते कधी वळून पाहिलं नाही.

तर, सल्लागाराची जागा घ्यायचं ठरवलंय. फ्रेडीसारखा मोठ्या मनाचा आहे म्हणून नाही. अजून पोटात दुखतं, त्या मुलाने बैठकीत खुर्ची ओढली की नजर आपोआप खिडकीबाहेर जाते. पण सोमवारी तो फाइल घेऊन विचारायला आला, तेव्हा दोन तास बसून सगळं समजावून दिलं. एक गोष्ट लपवून ठेवावी असं मनात आलं होतं. नाही ठेवली.

जाता जाता एक गंमत. २००६ मध्ये फॉर्टीनाइनर्सने राईसला एका दिवसापुरतं परत करारबद्ध केलं, त्यांच्याच संघाचा म्हणून निवृत्त होता यावं म्हणून. करारावरची रक्कम १९,८५,८०६.४९ डॉलर. म्हणजे आला ते १९८५ साल, पाठीवरचा ८० नंबर, निवृत्तीचं ०६ आणि संघाचे ४९! प्रत्यक्षात पैसे काही दिले नाहीत. कागदोपत्री मान. सल्लागारासारखाच.

टेकडी शेवटी चढलो, तीनदा बसून. वर जाऊन हिने डब्यातले धपाटे काढले, आणि दोघांनी निवांत खाल्ले.

दादा, रविवारी फोन करतो. आईला काही बोलू नकोस, तिला मीच सांगेन.